बोल्टनची डाउट लिस्ट

१२ फेब्रुवारी १९९६

पुन्हा फॅक्स! तीन पानं! "आधीच कळवल्याप्रमाणे" — सुरुवातच ही. जन्मतारखेत आधी दिवस, मग महिना, मग वर्ष. कळलं हो बाई, पहिल्या फॅक्सलाच कळलं होतं. आम्ही काय झाडावरून उतरलोय? खाली सही नेहमीची — डोरीन प्लॅट, रेकॉर्ड रूम, बोल्टन. या बाईला मी जन्मात पाहिलेलं नाही, पण चष्मा नाकाच्या टोकावर असणार, पैज लावायला तयार आहे.

उत्तर पाठवलं. "आपल्या मार्गदर्शनाबद्दल आभारी आहोत." भगवंतरावांनी त्यात "अत्यंत" घालायला लावलं.

१५ फेब्रुवारी

सागर अजून लोकांना सांगतो, "मानसीचं टायपिंगचं ऑफिस आहे." स्वतः प्लॅस्टिकच्या बादल्या बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनियर, आणि माझं काम टायपिंग! आज जेवताना परत समजावलं. बोल्टनला थॉर्नबी नावाची विमा कंपनी. तिच्याकडे कपाटंच्या कपाटं भरून पेन्शनची जुनी कार्डं, हाताने लिहिलेली. त्या कार्डांचे फोटो सीडीवर भरून कुरियरने सिल्वासाला येतात. एकच कार्ड ऑफिसातल्या दोन मुली वेगवेगळ्या टाइप करतात. कॉम्प्युटर दोन्ही जुळवून बघतो. जुळलं तर पुढे. नाही जुळलं तर ते कार्ड डाउट लिस्टवर. लिस्ट जाते बोल्टनला. तिथे डोरीनबाईंच्या खोलीतल्या बायका मूळ कार्ड काढतात, भिंग लावून बघतात, आणि कोणाचं बरोबर ते आम्हाला कळवतात.

"हां," सागर म्हणाला, "म्हणजे टायपिंगच की." मी त्याला भात वाढला.

२ मार्च

भगवंतरावांबद्दल एकदा मन मोकळं करते, नाहीतर कधीतरी तोंडावर बोलून बसेन.

हे गृहस्थ गेल्या दिवाळीपर्यंत सूत विकत होते. आमच्या शेठची पिपरियात सुताची मोठी शेड आहे. शेजारची शेड रिकामी पडली होती. इथे नवीन धंद्याला टॅक्स माफ. कुणीतरी शेठच्या कानात सांगितलं, आता कॉम्प्युटरचे दिवस आहेत. झालं! शेड रंगवली, एसी बसला, आणि सुताचे भगवंतराव एका रात्रीत सॉफ्टवेअरचे जनरल मॅनेजर झाले. थॉर्नबीला ते अजून "पार्टी" म्हणतात. सीडीला "लॉट". "मानसीबेन, पार्टीचा लॉट आला का?" मूळचे मुंबईचे, पण वापी-सिल्वासात इतकी वर्षं काढली की बाईमाणूस दिसलं की बेन.

आणि यांचा एकच मंत्र — पार्टीला नाही म्हणायचं नाही. बोल्टनने विचारलं, दुप्पट कराल का? येस. आठवड्यात? येस. रविवारी? येस, येस. फोन ठेवला की माझ्याकडे वळून, "बघा आता कसं बसवायचं ते."

१९ मार्च

आजची लिस्ट अकरा पानी. डोरीनबाईंचा फॅक्स — "आम्ही हे काम स्वतःच केलं असतं तर लवकर झालं असतं." वाचून कान गरम झाले! करा ना मग! कोणी हात धरलाय?

तरी मुलींवर ओरडले. त्यांचा दोष नाही असं नाही, पण त्या इंग्लिश कारकुनांचं अक्षरही धन्य आहे. त्यांचा एकचा आकडा इतकं डोकं काढून असतो की सात वाटतो.

२१ मार्च

फळा लावला. कल्पना माझी, आणि चांगली आहे! एसीखालच्या भिंतीवर सगळ्या मुलींची नावं. बोल्टनचं उत्तर आलं, की जिचं चुकलेलं तिच्या नावापुढे लाल टिकली. महिन्याअखेर सगळ्यात लाल जिचं नाव, तिला समोर उभं करून सगळ्यांसमोर कारण विचारायचं. लाज वाटली की लक्ष लागतं. मुलींना शिस्त कशी असते ते माहीतच नाही. बारावी झाली, टायपिंगची परीक्षा दिली, की झालं यांचं शिक्षण.

२९ एप्रिल

आज चंदाला उभं केलं. ही शिरपूरकडची. नवरा गलोंड्याला कारखान्यात. बोलता बोलता रडायलाच लागली. शेजारच्या टेबलावरची शोभा माझ्याकडे असं बघत होती, जसं काही मी तिच्या घरात घुसून भांडी फोडली. दोघी सामरवरणीला एकाच चाळीत राहतात, एकाच रिक्षातून येतात, डबाही एकमेकींचा खातात. आणि कॉम्प्युटरने जोडीही त्यांचीच लावलेली आहे. चंदाच्या टिकल्या म्हणजे शोभाचं बरोबर, एवढंच.

"रडून एकाचा सात होत नाही," मी म्हणाले. नंतर घरी येईपर्यंत ते वाक्य डोक्यात राहिलं. पण चुकीचं काय बोलले?

८ जुलै

लिस्ट सात पानांवर! फळा काम करतोय. सागरला सांगितलं तर म्हणे, "मुली घाबरल्या असतील." घाबरू देत की.

१४ नोव्हेंबर

थॉर्नबीचे मिस्टर हॉब्स आले. डोरीनबाईंचे वरचे साहेब. रांगोळी, ओवाळणी, नारळ, हार — भगवंतरावांनी लग्नघर करून सोडलं. हॉब्स गुलाबी, घामाने चिंब, स्वतःची पाण्याची बाटली छातीशी धरून. जेवायला उकडलेले बटाटे. दुपारी दादऱ्याला वनगंगेच्या बागेत नेलं. होडीत बसवलं. लांब उभं राहून आम्ही सगळे त्या माणसाकडे बघत टाळ्या वाजवत होतो! का? तो बुडाला नाही म्हणून?

ऑफिसात त्याने फळ्याचा फोटो काढला. "इंटरेस्टिंग," म्हणाला. मुलींच्या मागे उभा राहिला, एकीचंही नाव विचारलं नाही. मला विचारलं, "यांना इंग्लिश कळतं का?" मी म्हणाले, आकडे कळतात, आणि तुमच्या लोकांनी नीट लिहिले तर जास्त कळतील. भगवंतराव खो-खो हसले आणि घाईघाईने त्याला चहा दिला.

३ फेब्रुवारी १९९७

लिस्ट दोन पानी. भगवंतरावांनी पेढे वाटले.

डोरीनबाईंच्या फॅक्समध्ये "प्लीज" आलं. वर्षभरात पहिल्यांदा! कागद दोनदा वाचला.

२० जून

"डिअर मानसी." मिसेस, मॅडम काही नाही, थेट डिअर! विचारलंय, अमुक नंबरचं कार्ड त्यांना सापडत नाहीये, तर आमच्या फाइलमध्ये काय आहे ते कळवाल का?

काय हे! गेल्या वर्षी आम्हाला तारीख लिहायला शिकवत होत्या, आता आपल्या माणसाचा जन्म कधी झाला ते सिल्वासाला विचारतात. मी मुद्दाम दुपारपर्यंत उत्तर दिलं नाही. मग दिलं. "आधीच कळवल्याप्रमाणे" असं सुरू केलं. खोटं होतं, आधी काहीच कळवलं नव्हतं, पण बरं वाटलं.

९ सप्टेंबर

आता आठवड्याला चार-पाच प्रश्न येतात. पत्ता काय, बायकोचं नाव काय. त्यांची कपाटं दुसऱ्या गावच्या गोदामात हलवलीत म्हणे, एक कार्ड मागवायचं तर आठवडा लागतो. त्यांना त्यांच्याच लोकांचं काही माहीत नाही, सगळं आमच्याकडे! भगवंतरावांना मी म्हणाले, आता दर वाढवायची वेळ आहे. ते दचकले. "पार्टीला असं बोलायचं नसतं, मानसीबेन." सुताच्या धंद्यातली भीती अंगात मुरलीय. पार्टी आता आपल्यावाचून पाऊल टाकू शकत नाही, हे यांना दिसतच नाही.

१२ मार्च १९९८

डाउट लिस्ट अर्ध्या पानाची. अर्ध्या!

हॉब्सचं पत्र. थॉर्नबीला सिल्वासाची गुणवत्ता "अपवादात्मक" वाटते. सबब जूनअखेर बोल्टनची रेकॉर्ड रूम बंद. लिस्टच उरली नाही तर ती तपासणाऱ्या बायका कशाला? मूळ कार्डंही जूनअखेर कागदाच्या लगद्याला. यापुढे आमची फाइल हीच खरी. आणि करार पुढे वाढवायचा विचार चालू आहे.

भगवंतरावांनी शेठला फोन लावला, आणि मला कधी नव्हे ते खुर्ची पुढे केली. घरी येताना मिठाई घेतली. सागर म्हणाला, "त्या बाईचं काय? डोरीनचं?" मी म्हटलं, वय झालं असेल, बसेल घरी. तिने आपल्याला कमी छळलंय का?

१६ मार्च

डोरीनबाईंचा फॅक्स, चार ओळी. "तुम्ही फार चांगल्या झालात. आमच्यासाठी जरा जास्तच. माझ्या मुलींच्या वतीने अभिनंदन." माझ्या मुली, म्हणे. तिथेही मुलीच!

टोमणा असावा. की नसावा? ठेवून दिला.

६ मे

आज जे ऐकलं ते लिहूनच ठेवते!

दुपारी लाइट गेली. यूपीएसवर कॉम्प्युटर चालू राहिले, एसी बंद पडला. तो एसी म्हणजे पिठाची गिरणी आहे, चालू असला की शेजारचं ऐकू येत नाही. तो थांबला, आणि मुलींना थांबायचं सुचेपर्यंत मी दारात उभी. सगळ्या शेडभर कुजबुज! जोडीजोडीने!

"सात की एक?"

"सात टाक, सात."

"अन् हे? तीन का आठ?"

"मी आठ टाकलाय. तू पण आठच टाक ना."

सगळ्या! एक नाही, दोन नाही, सगळ्या. दोघींनी वेगवेगळं टाइप करायचं यातच तर सगळी अक्कल आहे! एकीची चूक दुसरीमुळे पकडायची. या बसल्या आहेत एकमेकींना विचारून टाकायला! दोघींचं चुकलं तरी जुळतंय, जुळलं की लिस्टवर नाही, लिस्टवर नाही की चूक नाहीच. अर्ध्या पानाची लिस्ट! अपवादात्मक गुणवत्ता! पेढे!

मी दारातूनच परत फिरले. 

७ मे

शोभाला आणि चंदाला आत बोलावलं. कधीपासून? चंदा जमिनीकडे बघत राहिली. शोभा बोलली. "तुम्ही फळा लावला ना मॅडम, त्याच्यानंतर."

म्हटलं, तुमची नोकरी काय आहे तेच तुम्हाला कळलेलं नाही.

तेव्हा चंदाने मान वर केली. घाबरली की ही गावाकडची भाषा बोलते. "मनं बरोबर ऱ्हायनं म्हणजे तिनं नाव लाल व्हई जास, मॅडम. मंग संध्याकाळे एकच रिक्षामा कशी बसू मी तिनासंगे?"

शोभा म्हणाली, "हिला त्या दिवशी उभं केलंत ना, त्या रात्री ही जेवली नाही. माझ्यामुळे. मी बरोबर टाकलं म्हणून. मग दुसऱ्या दिवशी मीच विचारलं हिला, की बाई तुला काय दिसतंय. बाकीच्यांनी बघितलं, त्या पण विचारायला लागल्या. चोरी काय केली आम्ही?"

मूर्खपणाला इतकं सरळ तोंड असेल असं वाटलं नव्हतं. "जा," म्हटलं.

१० मे

रविवार. एकटीने ऑफिसात बसून जुनी सीडी काढली आणि फोटो बघून आमची फाइल पडताळली. एक एडिथ कुणीतरी — जन्म १९४१. आमच्याकडे १९४७. दोघींनीही. साठ वर्षांची झाली की ही बाई पेन्शन मागायला जाईल, आणि यांचा कॉम्प्युटर म्हणेल, आणखी सहा वर्षं थांबा! कार्ड दाखवा म्हणेल ती. कार्ड कुठलं? लगदा.

अशा किती? मला मोजवलं नाही. फोटो इतके पुसट की कित्येक ठिकाणी मलाही सांगता येईना. मूळ कार्डंच बघायला हवीत. ती डोरीनबाईंच्याच बायका बघू शकतात. जूनअखेरपर्यंत. नंतर जगात कोणीच नाही.

आणि सांगितलं, तर करार गेला. एवढ्या मुलींना मग शेजारच्या सुताच्या शेडमध्ये उभ्याने बारा तास. सांगितलं नाही तर एडिथ. सागरला विचारलं. तो म्हणाला, "तूच सांग, तुला कुणाची जास्त कीव येते?" मला कुणाची कीव येत नाही, हीच तर पंचाईत आहे. सगळ्यांचा रागच येतो. पण झोप लागत नाहीये.

१८ मे

जोड्या फोडल्या. जोडीतल्या दोघी आता शेडच्या दोन टोकांना. लिस्ट एका आठवड्यात नऊ पानी. बोल्टनला पाठवायला भगवंतरावांकडे दिली आणि ते अंगावरच आले! "करार तोंडावर आलाय आणि तुम्ही नऊ पानं पाठवता? पार्टीला काय सांगू? माल बिघडला?" मी सगळं सांगितलं. एसी, कुजबुज, एडिथ. त्यांनी लिस्टची पानं परत मोजली. मग म्हणाले, "दोघींचं जुळतंय ना? मग पार्टीची तक्रार कुठाय?"



"जागा पहिल्यासारख्या करा," म्हणाले. लिस्ट खणात टाकली.

१९ मे

केल्या नाहीत. फळा मात्र काढला. मुलींनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. भिंतीवर चौकोनी डाग राहिलाय.

२ जून

भगवंतराव वापीला गेले असताना फॅक्स केला. थेट डोरीनबाईंना. सगळं लिहिलं — जोड्या, फळा, कुणाचं नाव न घेता कुजबुज, एका रिक्षातल्या त्या दोघी. आमची लिस्ट खोटी लहान झाली, तुमची खोली त्या खोट्यावर बंद होतेय. कार्डं लगद्याला देऊ नका. खणातली नऊ पानंही जोडली.

मशीनमधून शेवटचं पान सरकलं तेव्हा वाटलं, आता नोकरी गेली. आणि खरं सांगते, त्या बोल्टनच्या बाईला मी ओळखतही नाही, पण तिच्याइतकी जवळची या कामात मला कोणी नाही असं वाटलं. दोन वर्षं भांडलोय आम्ही. दुसरं कोण ते कार्ड इतक्या पोटतिडकीने बघत होतं?

४ जून

उत्तर. टाइप नाही, हाताने लिहिलेलं. अक्षर सुंदर आहे, एक हा एकच दिसतो.

"मला शंका होती. इतक्या कमी चुका माणसं करत नाहीत. मी वर बोलले होते, पण मला माझी खोली वाचवायची आहे असं त्यांना वाटलं. आता तुमचं पत्र घेऊन पुन्हा वर जाते. धन्यवाद. तुमच्या त्या दोघी मुलींवर रागावू नका."

रागावू नका! हिला काय जातंय सांगायला. पण कागद पर्समध्ये ठेवला.

५ जून

शोभा-चंदाला बोलावून सांगितलं की बोल्टनला कळवलंय. चंदा म्हणाली, "मग आम्हाला काढणार?" मी म्हटलं, काढायचं तर मला काढतील. नीट काम करा, एकमेकींना विचारू नका, दोघींची गरज आहे म्हणूनच दोघींना ठेवलंय. दोघींची नजर वेगळी, त्यातच किंमत आहे. हे आधी सांगायला हवं होतं, फळा लावण्याआधी. शोभा पहिल्यांदाच माझ्याकडे बघून हसली. "असं होय," म्हणाली, "आम्हाला वाटलं, कोण पुढे जातं ते बघताय."

१७ जून

बोल्टनहून काही नाही. भगवंतरावांना कळलंय. बोलत नाहीत. मुलींचं काम सुंदर चाललंय. लिस्ट मोठी आहे, पण खरी आहे. मला या लिस्टचा अभिमान वाटतो! कुणाला सांगू?

२६ जून

हॉब्सचं पत्र आलं. माझ्या प्रामाणिकपणाबद्दल आभार मानलेत. थोड्याफार चुका कंपनीला चालतील. रेकॉर्ड रूम ठरल्याप्रमाणे बंद. कार्डं कालच गेली. आणि दुसरी मुलगी पहिलीला विचारून तेच टाइप करत होती हे मीच लेखी कळवल्यामुळे, एक जुलैपासून थॉर्नबी एका कार्डाला एकाच मुलीचे पैसे देईल.

करार वाढला. भगवंतरावांनी हात मिळवला. प्रत्येक जोडीतली एक ठेवायची. कोणती, ते मी ठरवायचं. नावं सोमवारपर्यंत हवीत.